तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खाटा

"सर, हात."

दिवसातून कितीतरी वेळा दीपमालाच्या तोंडून हे दोन शब्द निघत. एका पेशंटला तपासून डॉक्टर दुसऱ्याकडे वळले की ती मागून म्हणायची. डॉक्टर हात धुवायचे, पण कपाळाला आठी घालून. संसर्ग रोखण्याचं काम ज्या सिस्टरकडे असतं तिची हॉस्पिटलातली जागा साधारण घरातल्या थोरल्या जावेसारखी असते. तिचं बरोबर असतं, आणि म्हणूनच ती कुणाला फारशी आवडत नाही. दीपमालाला याची सवय झाली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबहून नर्सिंग शिकायला ती पुण्यात आली, इथलीच झाली. चंदननगरला घर होतं, नवरा उत्तरेश्वर रांजणगावच्या कारखान्यात होता. घरीही ती त्याचे हात बघितल्याशिवाय ताट वाढत नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

त्या सोमवारी सकाळी लॅबमधल्या मॅडमचा फोन आला तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दारातच उभी होती.

"दीपमाला, श्रीधर केळकरांच्या रक्तात जी बुरशी उगवलीय ना, ती साधी नाही. ऑरिस आहे. मी पुन्हा तपासून बघितलं."

दीपमालानं काचेतून आत पाहिलं. केळकर सरांचे डोळे मिटलेले होते. सर म्हणजे पेठेत, नू.म.वि. शाळेच्या बाजूला कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आतड्याचं ऑपरेशन होऊन ते आयसीयूत आले, चांगले सावरले, घरी जायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि ताप चढला. तो कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देईना. आता कळलं, का ते.

बुरशी म्हटलं की लोकांना जुन्या लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो. कॅन्डिडा ऑरिस डोळ्यांना दिसत नाही. ती माणसाच्या कातडीवर बसते, खाटेच्या दांडीवर बसते, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यावर बसते आणि आठवडेच्या आठवडे तिथून हलत नाही. रोजच्या फिनेलला ती जुमानत नाही. धडधाकट माणसाला तिचा काही त्रास नसतो. पण ज्याच्या गळ्यात, हातात, पोटात नळ्या आहेत अशा माणसाच्या रक्तात ती उतरली की औषधं एकेक करून हात टेकतात. दीपमालानं हे सगळं प्रशिक्षणात ऐकलं होतं, भिंतीवर तक्ते लावले होते. आज ती बुरशी नऊ नंबरच्या खाटेवर होती.

दुपारपर्यंत केळकर सरांना कोपऱ्यातल्या बंद खोलीत हलवलं. त्यांच्यासाठी वेगळी नर्स, वेगळं थर्मामीटर, वेगळा स्टेथोस्कोप. मग दीपमाला बाहेर बाकड्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नीकडे गेली. आनंदीबाई केळकर सत्तरीच्या असतील. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर शब्दकोड्याचं पान. रोज पासोड्या विठोबाजवळून रिक्षा करून यायच्या आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बसायच्या.

"काकू, सरांच्या रक्तात एक बुरशी सापडलीय. औषधांना लवकर दबत नाही. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय. तुम्हाला भेटता येईल, पण गाऊन आणि हातमोजे घालून."

आनंदीबाईंनी चष्मा काढला. "ही त्यांनी घरून आणली का?"

"नाही."

"म्हणजे इथंच मिळाली."

"हो. बहुधा इथंच."

"बरं झालं सरळ सांगितलंत. सकाळच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटं प्रतिकारशक्ती समजावून सांगितली." त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली. "कुठं आहेत तुमचे हातमोजे?"

आता बाकीच्या पेशंटांचं बघायचं होतं. आयसीयूतल्या प्रत्येकाच्या काखेतून आणि जांघेतून कापसाच्या काडीनं नमुने घेतले. निकाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत दीपमाला घरी गेली की आधी अंघोळ करायची आणि मुलीला जवळ घ्यायची नाही. तशी गरज नाही हे तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

निकाल आला. अजून एकीच्या अंगावर बुरशी होती, कांताबाईंच्या. कांताबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. त्या नुसत्या डोळ्यांनी माणसाचा पाठलाग करायच्या. त्यांना ताप नव्हता, काही नव्हतं. बुरशी फक्त कातडीवर होती. आणि त्यांची खाट केळकर सरांच्या शेजारची होती.

कांताबाई दुसऱ्या एका हॉस्पिटलातून इथं आल्या होत्या. दीपमालानं त्यांचे तिकडचे कागद उलटसुलट करून पाहिले. कुठं काही उल्लेख नव्हता. मग तिनं प्रेमलाला फोन लावला. प्रेमला तिची नर्सिंगची मैत्रीण, आणि तिकडं तिच्यासारखंच काम करणारी.

"प्रेमला, खरं सांग. तुमच्याकडं ऑरिस होती?"

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"होती," प्रेमला म्हणाली. "दोन महिने झाले. कांताबाईंच्या स्वॅबमध्येपण आली होती."

"मग कागदावर का नाही लिहिलं?"

"लिहू नका म्हणून वरून सांगितलं होतं. आणि लिहिलं असतं तर तू घेतलं असतंस का त्यांना? त्यांच्या लेकीनं पाच ठिकाणी फोन केले होते तेव्हा."

"घेतलं असतं. वेगळ्या खोलीत ठेवलं असतं. एक ओळ लिहिली असती, तर शेजारचा माणूस वाचला असता." दीपमालाचा आवाज चढला. "एक ओळ, प्रेमला."

"माहितेय मला," प्रेमला म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बैठक बसली. आयसीयूचे प्रमुख डॉक्टर सलिल, प्रशासन बघणाऱ्या सुरुची मॅडम आणि दीपमाला. सलिल सर हुशार होते, तोंडानं फटकळ. ते लगेच म्हणाले, "हे बघा, अर्धवट करण्यात अर्थ नाही. नवे पेशंट घेणं थांबवायचं. आहेत त्यांतले हलवता येतील ते वॉर्डात हलवायचे, खाटा, मशीन, पडदे सगळं क्लोरीननं धुवायचं, परत स्वॅब घ्यायचे. दोनदा निगेटिव्ह आले की उघडायचं."

"म्हणजे किती दिवस?" सुरुची मॅडमनी विचारलं.

"दोन आठवडे तरी," दीपमाला म्हणाली.

सुरुची मॅडम वाईट बाई नव्हत्या. कोविडमध्ये त्या स्वतः ऑक्सिजनच्या टँकरसाठी चाकणच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. पण बाई हिशेबी. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. "बंद करा. पण बाहेर एक शब्द जाता कामा नये. नातेवाईक व्हिडिओ काढतात, उद्या पेपरात येतं आणि चांगले पेशंटसुद्धा पळतात. कुणी आलं की कॅज्युअल्टीत सांगायचं, बेड फुल आहेत. रिसेप्शनलासुद्धा काही सांगायची गरज नाही."

"आसपासच्या दवाखान्यांना तरी कळवू," दीपमाला म्हणाली. "लोणी, उरुळी, मांजरी. त्यांचे पेशंट आपल्याकडंच येतात."

"सिस्टर, तुम्हाला बंद हवंय की गाजावाजा हवाय? दोन्ही मिळणार नाही."

दीपमालानं सलिल सरांकडे पाहिलं. ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते. आयसीयू बंद होतंय हेच मोठं होतं. तेवढ्यावर मान हलवून ती उठली.

पुढचे दिवस धुण्यात गेले. पडदे उतरवून पिवळ्या पिशव्यांत बांधून जाळायला पाठवले. गाद्या उघड्या केल्या. क्लोरीनच्या वासानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. दीपमाला स्वतः प्रत्येक खाटेची दांडी, प्रत्येक मशीनचं बटण पुसून घ्यायची आणि पुसणाऱ्यांच्या पाठीवर उभी राहून पुन्हा पुसायला लावायची. हळूहळू तिसरा मजला रिकामा होत गेला. कोपऱ्यातल्या दोन बंद खोल्यांत केळकर सर आणि कांताबाई राहिल्या. बाकी ओळीनं उघड्या खाटा.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी कॅज्युअल्टीतून फोन आला. लोणी काळभोरहून एक बाई आणल्या होत्या. इंदुबाई, साठीच्या, मधुमेह, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. ऑक्सिजनवरही त्यांची पातळी राहत नव्हती, व्हेंटिलेटर लागणार होता. खालचं एकमेव मशीन एका अपघाताच्या पेशंटला लावलेलं होतं.

"सिस्टर, वर बेड रिकामे आहेत ना?" कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर म्हणाला. "पलीकडच्या टोकाचा एक द्या. ती बाजू धुऊन झालीय म्हणे."

"धुऊन झालीय, स्वॅब आले नाहीत अजून."

"सलिल सर ऑपरेशन थिएटरात आहेत. त्यांनी निरोप दिलाय, दीपमाला सिस्टर सांगतील तसं करा."

दीपमाला फोन कानाला धरून रिकाम्या खाटांच्या ओळीकडे बघत राहिली. मधुमेहाची बाई. गळ्यात नळी जाणार, मानेत सुई जाणार. बुरशीला हवा असतो तसाच देह. आज हिला घेतलं की उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? मग धुतलेलं सगळं पाण्यात.

"नाही," ती म्हणाली. "जेवढं करता येईल तेवढं खाली करा आणि व्हेंटिलेटरची अँब्युलन्स देऊन दुसरीकडं पाठवा. मी फोन करून बेड शोधते."

तिनं फोन केले. पहिल्या ठिकाणी बेड नव्हता. दुसऱ्या ठिकाणीही नव्हता. तिसऱ्या ठिकाणी मिळाला, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. तिशीतला एक माणूस सिक्युरिटीला ढकलून वर आला होता. गळ्यात खराडीतल्या कुठल्यातरी कंपनीचं ओळखपत्र, पायात चपला. तो काचेला नाक लावून आत बघत उभा राहिला.

"बेड फुल हायेत म्हणले," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नसावं. "हे काय रिकामे दिसत्यात की."

सिक्युरिटीच्या दोघांनी त्याला दंडाला धरून खाली नेलं. जाताना त्यानं मागं वळून दीपमालाकडं पाहिलं. 

इंदुबाई त्या दुसऱ्या हॉस्पिटलात पोचल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनंच दीपमालाला सांगितलं. "रस्त्यात अँब्युलन्स स्वारगेटला अडकली होती," एवढंच तो पुढं म्हणाला.

त्याच दिवशी केळकर सरांची तब्येत ढासळली. शेवटचं औषधही लागू पडत नव्हतं. किडन्या थांबल्या, रक्तदाब हातात राहीना. सलिल सरांनी आनंदीबाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं. त्या गाऊन घालून, हातमोजे चढवून आत गेल्या. पर्समधून त्यांनी तुळशीचं पान आणि गंगेची लहानशी कुपी काढली.

"काढू का हे?" त्यांनी हात पुढं करून दीपमालाला विचारलं. "शेवटचं आहे."

दीपमालाला हो म्हणायचं होतं. बाईंचा हात धुता आला असता, त्या सरळ घरीच जाणार होत्या. पण त्या जाताना दाराची मूठ धरतील, जिन्याचा कठडा धरतील, खालच्या बाकड्यावर कुणाच्या तरी सुनेचा हात धरून रडतील. ती काही बोलायच्या आधीच आनंदीबाईंनी मान हलवली.

"राहू दे. तुमचा चेहराच सांगतोय."

त्यांनी हातमोज्यांनीच नवऱ्याच्या तोंडात पान ठेवलं आणि गंगा सोडली. रबराला पान चिकटत होतं, दोनदा ठेवावं लागलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि सरांच्या कपाळावर रबराचा हात ठेवून राहिल्या. मशीनवरची रेघ सरळ झाली तेव्हा त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

सर्टिफिकेट तयार होताना सुरुची मॅडम स्वतः वर आल्या. त्यांनी सलिल सरांना बाजूला घेतलं. ऑपरेशननंतरची गुंतागुंत, अनेक अवयव निकामी, एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. आनंदीबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांना ऐकू व्यवस्थित येत होतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "त्या बुरशीला नाव आहे ना?"

"आहे."

"मग लिहा. यांनी आयुष्यभर मुलांच्या उत्तरांतल्या नद्यांची नावं तपासली. 'एक मोठी नदी' असं लिहिलेलं चालायचं नाही त्यांना."

"काकू, त्यानं काय फरक..." सुरुची मॅडम बोलायला लागल्या.

"मला पडतो," आनंदीबाई म्हणाल्या. "तुमच्या फरकाचं तुम्ही बघा."

सलिल सरांनी पेन उघडलं आणि नाव लिहिलं. सुरुची मॅडम निघून गेल्या. जाताना आनंदीबाईंनी गाऊन आणि हातमोजे पिवळ्या पिशवीत टाकले आणि दीपमालानं न सांगता बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. "यांच्यापासून आणखी कुणाला लागली नाही ना?" त्यांनी पाणी बंद करत विचारलं. दीपमालानं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि त्या जिन्यानं खाली गेल्या.

इंदुबाईंचा मुलगा परत आला तो त्यांचं दहावं झाल्यावर. डोकं भादरलेलं, अंगात तोच कंपनीचा शर्ट. त्यानं रिसेप्शनवर दीपमालाचं नाव घेतलं नाही, 'काचेपाशी उभ्या होत्या त्या सिस्टर' असं म्हणाला. सुरुची मॅडमचा निरोप आला, भेटायचं नाही, वकील बघतील. दीपमाला जेवणाच्या सुट्टीत निघाली तर तो गेटाबाहेर चहाच्या टपरीशी उभा होता. ती त्याला टाळून जाऊ शकली असती.

"मी दीपमाला," ती जवळ जाऊन म्हणाली.

"संतोष." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "ताई, मी भांडायला आलो न्हाई. भांडण झालं माझं, घरी, भावकीसंगट. ते म्हणत्यात तूच आईला नको तिथं नेलं. म्हणून विचारतो. त्या दिवशी बेड होते का नव्हते?"

"होते."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याला हे उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

"तिथं एक बुरशी पसरली होती. औषधांना न जुमानणारी. आधी एक पेशंट तिच्यानं आजारी पडले होते, त्याच आठवड्यात गेले. म्हणून आम्ही नवीन पेशंट घेणं बंद केलं होतं. तुमच्या आईला नाही म्हणणारी मीच."

"घेतलं असतं तर त्या बुरशीनं गेली असती का ती?"

"सांगता येत नाही. कदाचित नाही. कदाचित त्या वाचल्या असत्या आणि त्यांच्यामुळं दुसऱ्या कुणाला लागली असती."

"म्हंजे तुम्ही दुसऱ्या कुणाला वाचवलं."

"हो. बहुतेक."

"कोण ते?"

ज्यांना लागण झाली नाही त्यांची नावं कुणालाच कळत नसतात.

संतोषनं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "ते समजलं मला. बंद ठेवलं ते ठेवलं. मी सॉफ्टवेअरच्या सपोर्टला हाय ताई, आमच्यातपण व्हायरस आला की सर्व्हर बंद करतो. कळतं मला. पण मी निघायच्या आधी तुमच्या रिसेप्शनला फोन केलता. आयसीयूत बेड हाय का म्हणून. तर बाई म्हणली, आणा, बघू. कंपनीच्या विम्यात हेच बसतं म्हणून आणलं. आमच्या तिकडंच दुसरं हॉस्पिटल हाय, तिथं त्या दिवशी बेड होता. मी नंतर जाऊन विचारून आलो. तिथं न्यायला पंधरा मिनिटं लागली असती." तो थांबला. "हडपसरच्या पुलाखाली आई म्हणली, अजून किती लांब. मी म्हणलं, आलंच, तिथं तयारी करून ठेवलीय."

टपरीवाल्यानं दीपमालापुढं चहा ठेवला. तिनं हात लावला नाही.

"फोनवर सांगायला काय झालं होतं?" संतोष म्हणाला. "एवढंच पाहिजे मला. बंद हाय, येऊ नका. एवढं कुणी का सांगितलं न्हाई?"

तिला प्रेमलाशी झालेलं बोलणं आठवलं. एक ओळ, म्हणून आपण किती तावातावानं ओरडलो होतो. त्याच संध्याकाळी बैठकीत आपण मान हलवून उठलो.

"सांगू नका असं ठरलं होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलचं नाव खराब होईल म्हणून. ते बरोबर नाही हे मला कळत होतं. मी गप्प बसले."

संतोष रस्त्याकडं वळला. सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज इतका होता की त्याचं पुढचं वाक्य तिला नीट ऐकू आलं नाही. "काय?" तिनं विचारलं.

"म्हणलं, मी तक्रार देणार हाय. महापालिकेत. तुमचं नाव घालणार."

"घाला. मी हेच सांगेन तिथं."

तो गेला. त्यानं हात जोडले नाहीत आणि शिवीही दिली नाही.

दीपमाला परत वर आली आणि आपल्या टेबलाशी बसली. आयसीयू अजून बंदच होतं, दुसऱ्या फेरीचे स्वॅब यायचे होते. तिनं लोणीच्या दवाखान्यापासून सुरुवात केली. मग उरुळी, थेऊर, मांजरी, फुरसुंगी. प्रत्येक ठिकाणी ती नाव सांगायची, बुरशीचं नाव सांगायची, आयसीयू बंद आहे म्हणायची. मग ती रिसेप्शनवर गेली आणि तिथल्या मुलीलाही तेच सांगितलं. मुलगी म्हणाली, "आम्हाला आधी का नाही सांगितलं? मी रोज लोकांना या म्हणतेय."

संध्याकाळपर्यंत सुरुची मॅडमच्या केबिनमधून बोलावणं आलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या थकलेल्या दिसत होत्या. "तुम्हाला काही दिवस ओपीडीत काम करावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या वाईटावर नाही, सिस्टर. पण मला वर उत्तर द्यायचंय." सलिल सर दीपमालाच्या बाजूनं दोन वाक्यं बोलले, तिसरं बोलले नाहीत. घरी उत्तरेश्वर म्हणाला, "नोकरी गेली असती तर?" ती म्हणाली, "गेली नाही ना." मग दोघंही जेवले.

दुसऱ्या फेरीचे स्वॅब स्वच्छ आले. आयसीयू उघडलं. केळकर सर आणि कांताबाई सोडून कुणालाही लागण झाली नव्हती. या गोष्टीचे कुणी पेढे वाटले नाहीत, तसे ते कुणी वाटतही नाही. संतोषच्या तक्रारीवर महापालिकेचे एक अधिकारी येऊन गेले. दीपमालानं जे घडलं ते सांगितलं. नोंद झाली. पुढं काय झालं ते तिला कळलं नाही. संतोषचा फोन आला नाही, तिनंही केला नाही. ओपीडीत बसलेली असताना लोणीकडचा कुणी पेशंट आला की ती आडनाव आधी बघायची.

राहिल्या कांताबाई. त्यांच्या अंगावरची बुरशी गेली नव्हती, ती कधी जाईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. पण त्यांची प्रकृती स्थिर होती, हॉस्पिटलला खोली मोकळी हवी होती आणि घरी गळ्याच्या नळीसकट त्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. त्यांची मुलगी अपेक्षा एका बँकेत होती, एकटी. ती डिस्चार्जचे कागद घेऊन ओपीडीत दीपमालाला शोधत आली.

"सिस्टर, यात तुम्ही ते बुरशीचं लिहायला लावलंत म्हणे. पहिल्याच पानावर." तिचा आवाज दबलेला होता. "दोन नर्सिंग होमनी नाही म्हणून सांगितलं मला. वाचलं आणि कागद परत दिले. मागच्या वेळी कुणी लिहिलं नव्हतं तर आईला इथं घेतलं तरी. आता मी काय करू, सांगा. रजा संपलीय माझी."

"मागच्या वेळी लिहिलं नव्हतं म्हणून तुमच्या आईच्या शेजारचे गृहस्थ गेले," हे दीपमालाच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. अपेक्षाचा यात काहीच दोष नव्हता, आणि वरच्या बंद खोलीत पडून डोळ्यांनी दार बघणाऱ्या बाईचाही नव्हता.

"लिहिलेलं खोडता येणार नाही," ती म्हणाली. "बसा. आपण दोघी मिळून शोधू."

ओपीडीची रांग संपल्यावर दीपमालानं फोन लावायला घेतले. पहिल्यांनी ऐकून घेतलं आणि 'कळवतो' म्हणाले. दुसऱ्यांनी मध्येच फोन ठेवला. तिसऱ्यांनी विचारलं की नाव बदलून काही लिहिता येईल का. वानवडीच्या एका लहान नर्सिंग होममध्ये फोन उचलणारी बाई वयस्कर वाटली. आवाज घोगरा होता. आपलं नाव तिनं गोदाबाई असं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "एक खोली आहे आमच्याकडं, कोपऱ्यात. पण आम्हाला यातलं काही माहिती नाही हो. बाकीचे म्हातारे आहेत इथं, त्यांना लागायला नको. करायचं काय असतं नेमकं?"

"सांगते," दीपमाला म्हणाली. "अवघड नाही, पण रोज करावं लागतं. लिहून घेता का?"

"थांबा हं, पेन आणते," गोदाबाई म्हणाल्या. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यांची पावलं लांब गेली. अपेक्षा कागद छातीशी धरून बघत होती. दीपमालानं फोन कानापासून हलवला नाही, ती वाट बघत राहिली.